मार्कडाउनचं मुद्रित पाहताना

म्हसवडात बसून मी काही महिन्यांपासून माणदेशी शब्दांची वही संगणकावर उतरवतो आहे. शेतीचे, मोटेचे, मेंढपाळीचे शब्द: वाघूर, जेन, नाडा, शिवळ, तिफण, बाटूक. टायपिंगला शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी मदत करते. तिने एका दुपारी चाळीस शब्द घातले. प्रत्येकापुढे १., २., ३. असे आकडे आणि प्रत्येक शब्द नव्या ओळीवर. एडिटरमध्ये यादी अगदी दृष्ट लागावी अशी दिसत होती. मग आम्ही ती ब्राउझरमध्ये उघडली, आणि चाळीस ओळींचा मिळून एकच लांबलचक परिच्छेद समोर आला. ती म्हणाली, "काका, सगळी जनावरं एकाच दाव्याला बांधल्यागत झालंय की ओ."

चूक तिची नव्हती. मार्कडाउनच्या नियमात क्रमांकित यादीचा आकडा 0 ते 9 या अंकांतच असावा लागतो. देवनागरी आकडा त्याला आकडा वाटतच नाही. त्याच्या लेखी "१." हा साधा मजकूर आहे, आणि साध्या मजकुराच्या लागोपाठच्या ओळी जोडून त्यांचा परिच्छेद करायचा हाही त्याचाच नियम. एडिटरमध्ये हे कळायला काही मार्ग नाही. कळतं ते ब्राउझरमध्ये. म्हणून एडिटरमधून मार्कडाउन फाइल ब्राउझरमध्ये पाहण्याच्या ज्या ज्या रीती आज हाताशी आहेत, त्या मराठी लिहिणाऱ्याच्या अंगाने एकदा तपासून पाहाव्यात असं ठरवलं. या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण ते रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनी आणि त्यांच्यासाठी. त्यांना प्रिव्ह्यू ही सोय वाटते. आपल्याला तो मुद्रितासारखा लागतो. छापखान्यातून गॅली आल्याशिवाय पुस्तक छापायला न देणारी आपली जुनी शिस्त होती. ती इथे जशीच्या तशी लागू आहे.

मार्कडाउन २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी प्रसिद्ध केलं. लिखाणाच्या रीतीविषयी त्यांना अॅरन स्वार्ट्झ यांची मदत झाली होती. कल्पना साधी होती: ईमेलमध्ये माणसं आपसूक जशी लिहितात तसंच लिहायचं, ठळक करायचा शब्द तारकांत घालायचा, शीर्षकाआधी # लावायचा, आणि या मजकुराचं एचटीएमएल बनवायचं काम पर्ल भाषेतल्या एका छोट्या प्रोग्रामवर सोपवायचं. # लावून शीर्षक देण्याची रीत स्वार्ट्झ यांच्या 'एटीएक्स' या आधीच्या प्रयोगातून आली. ओळीखाली रेघ मारून शीर्षक देण्याची दुसरी रीत त्याहून जुन्या 'सेटेक्स्ट'मधली. दोन्ही आजही चालतात, आणि मराठी टायपिंग करणाऱ्यासाठी त्यातली दुसरी फार मोलाची आहे. ते पुढे येईलच.

ग्रुबर यांचं वर्णन मोघम होतं. कडेच्या प्रकरणांत काय करायचं ते त्यात स्पष्ट नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या परीने प्रोग्राम लिहिले आणि पोटभाषा तयार झाल्या. २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ अॅटवूड आणि इतरांनी 'कॉमनमार्क' नावाने काटेकोर नियमावली काढली. तिच्यात सहाशेहून जास्त उदाहरणं आहेत. गिटहबने तिच्यात तक्ते वगैरेंची भर घालून २०१७ मध्ये आपली नियमावली जाहीर केली. मॅकफार्लेन यांचंच २००६ पासूनचं 'पॅनडॉक' स्वतःच्या विस्तारांसह चालतं. जेकिल हे संकेतस्थळ बनवणारं साधन 'क्रॅमडाउन' वापरतं, तर ह्यूगो २०१९ पासून 'गोल्डमार्क'. म्हणजे "मार्कडाउन कसं दिसेल?" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, कुणाच्या हातून दिसेल यावर ते ठरतं. प्रिव्ह्यूचं साधन निवडताना हे आधी लक्षात घ्यावं. मजकूर शेवटी जिथे जाणार, तिथलाच अर्थ लावणारा प्रोग्राम प्रिव्ह्यूमागे असावा. ह्यूगोचं किंवा जेकिलचं संकेतस्थळ असेल, तर त्यांचा स्वतःचा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालवून ब्राउझरमध्ये पाहणं हाच खरा प्रिव्ह्यू. ह्यूगोचा १३१३ क्रमांकाच्या पोर्टवर दिसतो, जेकिलचा ४००० वर. बाकी सगळे अंदाज.

एक साधा प्रश्न राहतो: मार्कडाउनची .md, म्हणजे एमडी, फाइल थेट ब्राउझरमध्ये का टाकू नये? कारण ब्राउझरला मार्कडाउन येत नाही. तो फाइल साध्या मजकुरासारखी दाखवतो, नाहीतर उतरवून घ्यायची का म्हणून विचारतो. मध्ये कुणीतरी एचटीएमएल बनवणारा लागतो. तो कुठे बसतो, यावरून साधनांचे प्रकार पडतात.

सगळ्यांत जुनी रीत म्हणजे हाताने बनवणं. एडिटरमध्ये लिहायचं, जतन करायचं, पॅनडॉकला आज्ञा द्यायची, तयार झालेली एचटीएमएल फाइल ब्राउझरमध्ये उघडायची, बदल केला की पुन्हा सगळं. कंटाळवाणं आहे, पण काय घडतं आहे ते यात नीट समजतं, आणि मराठी माणसाचा पहिला मोठा धोकाही इथेच भेटतो. पॅनडॉकला "पूर्ण पान बनव" असं वेगळं सांगावं लागतं. न सांगितल्यास तो फक्त आतला मजकूर देतो. पानाचं डोकं, आणि त्यात असलेली "हा मजकूर यूटीएफ-८ आहे" ही नोंद, येत नाही. मग ब्राउझरला अंदाज बांधावा लागतो. तो चुकला की काय होतं हे ज्याने एकदा पाहिलं तो विसरत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं. "म्हसवड" या शब्दात म, हलन्त, ह, स, व, ड अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. ब्राउझरने ती जुन्या पाश्चात्त्य संकेताने वाचली की परकी चिन्हं उमटतात, आणि प्रत्येक तिकडीच्या सुरुवातीला तोच तो डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' येतो. त्याच्यामागे चार केस फुटलेलं वर्तुळ, आणि हलन्तासारखं चिन्ह असलं की जपानी येनची खूण. गावाच्या नावात येन दिसला की समजावं, फाइल बिघडलेली नाही, फक्त ओळखपत्र हरवलं आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षं कळणारही नाही, कारण इंग्रजी अक्षरं दोन्ही संकेतांत सारखीच. २०१६ मध्ये मार्कडाउनला इंटरनेटवर अधिकृत फाइलप्रकार मिळाला, तेव्हा त्याच्या नोंदीत अक्षरसंकेत सांगणं बंधनकारक केलं गेलं. ते आपल्यासारख्यांसाठी योग्यच झालं.

हेच येन आणि वर्तुळं न दिसता निराळाच कचरा दिसला, तर कारण वेगळं असतं. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर मुळात रोमन अक्षरांचाच असतो, फक्त फाँट त्यांना मराठी रूप देतो. तो मजकूर एमडी फाइलमध्ये चिकटवला की प्रिव्ह्यूचा इलाज चालत नाही. आधी त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करायचं, मगच पुढचं. गावोगावच्या जुन्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, यात्रेची पत्रकं यांच्या फाइली अजून अशाच पडून आहेत.

दुसरा प्रकार जतन करताक्षणी ताजं होणारा. फाइलवर नजर ठेवणारा एक प्रोग्राम मागे चालू असतो, तुम्ही जतन केलं की तो नवं एचटीएमएल बनवतो आणि ब्राउझरमधलं पान आपोआप बदलतं. यात 'ग्रिप' प्रसिद्ध आहे. तो ६४१९ पोर्टवर पान दाखवतो आणि ते गिटहबवर दिसेल तसंच असतं, कारण तो मजकूर गिटहबकडेच पाठवून तिथून एचटीएमएल मागवतो. गिटहबसाठी लिहिणाऱ्याला याहून खरा प्रिव्ह्यू नाही. पण या सोयीची किंमत आहे. खात्याची ओळख न देता तासाला साठ मागण्याच मान्य होतात, आणि मला दर मिनिटाला जतन करायची सवय आहे. इंटरनेट गेलं की प्रिव्ह्यूही गेला. माणदेशात राहणाऱ्याला हा दोष किरकोळ वाटू शकत नाही. आणि तिसरी गोष्ट मी जास्त गंभीर धरतो: मजकूर तुमच्या घराबाहेर जातो. शब्दांच्या यादीचं काही नाही. पण बचत गटाच्या बैठकीचं टिपण, कुणाच्या कर्जाची माहिती, दवाखान्यातल्या नोंदी असं काही लिहीत असाल तर हा रस्ता घेऊ नये.

तिसरा प्रकार टाइप करता करता बदलणारा. इथे जतन करायचीही गरज नसते. एडिटरमधला मजकूर घरातल्याच एका छोट्या सर्व्हरकडे जातो, तो वेबसॉकेट नावाच्या सतत उघड्या दारातून ब्राउझरला कळवतो, आणि ब्राउझर पूर्ण पान न पाडता बदललेला भागच बदलतो. निओव्हिमसाठीचं 'मार्कडाउन-प्रिव्ह्यू' हे जोडसाधन असं चालतं, व्हिमसाठीचं 'इन्स्टंट मार्कडाउन'ही. कर्सर खाली गेला की ब्राउझरमधलं पानही सरकतं. हे सरकणं दिसतं तितकं सोपं नाही. अर्थ लावणाऱ्याला प्रत्येक परिच्छेद मूळ फाइलच्या कितव्या ओळीवरून आला ते लक्षात ठेवावं लागतं, एचटीएमएलमध्ये तो आकडा लपवून ठेवावा लागतो, आणि मग त्यावरून जागा शोधावी लागते. लांब तक्ता किंवा मोठं चित्र आलं की ताळमेळ थोडा सुटतो. तेवढं चालवून घ्यावं.

इमॅक्स वापरणाऱ्यांना जेसन ब्लेव्हिन्स यांचा मार्कडाउन-मोड माहीत असतो. त्यात कंट्रोल-सी दोनदा आणि मग पी दाबलं की ब्राउझरमध्ये पान उघडतं. पीऐवजी एल दाबलं तर इमॅक्सच्याच शेजारच्या खिडकीत थेट प्रिव्ह्यू दिसतो. मात्र मागे अर्थ लावणारा प्रोग्राम कोणता हे आपणच सांगायचं असतं. मी पॅनडॉक दिला आहे आणि समाधानी आहे.

चौथा प्रकार, एडिटरच्याच पोटातला, आज सर्वांत जास्त हातांत आहे. २०१५ मध्ये आलेल्या व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की प्रिव्ह्यू, कंट्रोल-के आणि मग व्ही दाबलं की शेजारी शेजारी. हा ब्राउझर नाही असं वरवर वाटतं, पण व्हीएस कोड स्वतःच क्रोमियम या ब्राउझरच्या गाभ्यावर उभा आहे, तेव्हा पाहतो ते ब्राउझरमध्येच. इंटरनेट लागत नाही, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि मजकुरातल्या स्क्रिप्ट तो मुळातच चालू देत नाही. नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींना मी हाच सांगतो. ब्राउझरच्या विस्तारांचा पाचवा प्रकार आहे, ज्यात क्रोमला एमडी फाइल वाचायला शिकवता येते. तो फक्त वाचण्यासाठी बरा. त्यासाठी विस्ताराला आपल्या संगणकावरच्या फाइली वाचायची परवानगी द्यावी लागते. कुणी बनवला आहे ते न पाहता ती देऊ नये.

आता मराठीकडे. कारण वरच्या साधनांत बरंवाईट कितीही असलं, तरी मराठीचे प्रश्न सगळीकडे तेच आहेत.

पहिला प्रश्न कळफलकाचा. इनस्क्रिप्ट हा आपला प्रमाण कळफलक. त्यात शिफ्ट धरून ३ दाबला तर # येत नाही, ्र येतो. शिफ्ट आणि ८ दाबल्यास तारका नाही, श्र. चौकोनी कंसाच्या कळीवर ड बसलेला आहे, उभ्या रेघेच्या कळीवर ऑ. म्हणजे मार्कडाउनची जवळजवळ सगळी हत्यारं मराठी अक्षरांखाली झाकली गेली आहेत, आणि प्रत्येक ठळक शब्दासाठी चार वेळा भाषा बदलावी लागते. यात बोटं चुकतात. शीर्षकाऐवजी ओळीच्या सुरुवातीला एखादा ्र अधांतरी लोंबत राहतो, तारकेच्या जागी श्र. बारीक अक्षरांच्या एडिटरमध्ये ते सुटून जातं, प्रिव्ह्यूत लगेच डोळ्यांत भरतं.

पण इनस्क्रिप्टमध्ये एक चिन्ह मात्र जागच्या जागी आहे: आडवी छोटी रेघ. आणि मार्कडाउनमध्ये एवढ्या एका रेघेवर बरंच भागतं. ओळीच्या सुरुवातीला रेघ आणि मोकळी जागा दिली की यादी होते. शीर्षक लिहून त्याखालच्या ओळीवर तीनचार रेघा मारल्या की दुसऱ्या पातळीचं शीर्षक होतं. हीच ती सेटेक्स्टची जुनी रीत. मी त्या मुलीला एवढं शिकवलं आणि तिचा वेग दुप्पट झाला. एकच सावधगिरी. आपल्याला प्रकरण संपलं की रेघ मारायची सवय असते. परिच्छेदाच्या लगेच खाली, मध्ये ओळ न सोडता तीन रेघा मारल्या, तर वरचा अख्खा परिच्छेद शीर्षक होऊन मोठ्या ठळक अक्षरांत उभा राहतो. रेघेआधी एक कोरी ओळ सोडली की प्रश्न मिटतो.

दुसरा प्रश्न विभक्ती प्रत्ययांचा, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत शब्द सुटा उभा असतो, मराठीत त्याला ला, ने, चा, त चिकटतात. शब्द ठळक करायचा आणि प्रत्यय साधा ठेवायचा ही आपली रोजची गरज. **वाघूर**ला असं लिहिलं तर ठीक चालतं. तारकेऐवजी खालची रेघ वापरून _वाघूर_ला लिहिलं तर कॉमनमार्क ते तिरपं करत नाही, कारण शब्दाच्या मधल्या खालच्या रेघेला तो खूण मानत नाही. आणि अवतरण चिन्हं आली की तारकाही रुसते: **"वाघूर"**ला असं लिहिलं, तर शेवटच्या तारकांच्या अलीकडे विरामचिन्ह आणि पलीकडे अक्षर अशी स्थिती येते, आणि नियमावलीनुसार अशा तारका बंद करणाऱ्या ठरत नाहीत. प्रिव्ह्यूत चारही तारका उघड्या दिसतात. ग्रुबर यांच्या मूळ पर्ल प्रोग्रामला हेच वाक्य दिलं तर तो निमूट ठळक करतो. एकच फाइल, दोन निकाल. तोडगा असा की अवतरण बाहेर काढायचं: "**वाघूर**"ला. हे कुठल्याही मार्गदर्शिकेत मला मिळालं नाही. मिळणार तरी कसं? प्रत्यय लागणाऱ्या भाषेत लिहिणारा माणूसच तिथे आदळतो.

आकड्यांचं सुरुवातीला सांगितलं, त्याची दुसरी बाजूही आहे. यादीसाठी इंग्रजी आकडे वापरायला लागलो की ते नको तिथेही यादी करतात. गावाचा कालपट लिहिताना परिच्छेद "1997. म्हसवडमध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली" असा सुरू केला, तर कॉमनमार्क त्याची १९९७ पासून सुरू होणारी यादी करतो. मूळ मार्कडाउन तर वर्ष फेकून देऊन तिथे एक नंबर घालतो. चेतना गाला सिन्हा आणि इथल्या बायकांनी रिझर्व्ह बँकेचा नकार पचवून, लिहायला-वाचायला शिकून पुन्हा अर्ज करून मिळवलेलं ते वर्ष आहे. ते असं पुसलं जाऊ नये. अशा ठिकाणी देवनागरी १९९७ लिहिलं की काही होत नाही. म्हणून आमचा नियम ठरला: यादीचे आकडे इंग्रजीत, मजकुरातले देवनागरीत. मग यादीचे आकडेही पानावर देवनागरी दिसावेत म्हणून सजावटीच्या फाइलीत, म्हणजे सीएसएसमध्ये, यादीचा प्रकार 'देवनागरी' असा एका ओळीत सांगायचा. ब्राउझरला तो ठाऊक आहे. आमच्या चाळीस शब्दांपुढे आता १, २, ३ असेच दिसतात.

तिसरा प्रश्न ओळींचा. इथल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही लिहून घेतल्या, चार ओळी चार ओळींवर. प्रिव्ह्यूत त्या गद्य होऊन एकापाठोपाठ आल्या. मार्कडाउनमध्ये ओळ तोडायची तर तिच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, किंवा उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. दोन मोकळ्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही एडिटर जतन करताना त्या झाडून टाकतात, म्हणून तिरपी रेघ बरी. मात्र ती मूळ मार्कडाउनला कळत नाही. व्हीएस कोडमध्ये "प्रत्येक ओळ तोडून दाखव" अशी एक मांडणी आहे. मोहात पाडणारी आहे, पण ती चालू ठेवू नये. तुमच्या प्रिव्ह्यूत ओवी ओवीसारखी दिसेल आणि दुसरीकडे गेल्यावर पुन्हा गद्य होईल. मुद्रिताने चूक दाखवायची असते, झाकायची नाही.

चौथा प्रश्न अक्षरांच्या वळणाचा. टर्मिनलमधला व्हिम वापरणाऱ्याला हे रोज दिसतं: बऱ्याच टर्मिनलांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, प्रत्येक चिन्ह ते एकेका चौकटीत बसवतात. "सिद्धनाथ" मधली वेलांटी स च्या आधी यायची ती मागे जाते, द्ध चे दोन तुकडे पडतात. कऱ्हाडमधला अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो, तिथे खाली नुक्ता असलेला र आणि हलन्त असा सुटा दिसतो. लिहिणाऱ्याला आपण शुद्ध लिहितो आहोत की अशुद्ध, हेच कळत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स हार्फबझ नावाच्या यंत्रणेने अक्षरं जुळवतात. इमॅक्समध्ये ती २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून आली, त्यामुळे तिथे हा त्रास पुष्कळ कमी आहे. पण टर्मिनलात लिहिणाऱ्या मराठी माणसासाठी ब्राउझरचा प्रिव्ह्यू म्हणजे स्वतःचं अक्षर पहिल्यांदा धड दिसण्याची जागा असते.

त्यातही एक बारकावा. मराठी आणि हिंदी दोघींची लिपी देवनागरी, पण ल आणि श यांचं वळण वेगळं. मुक्तासारख्या चांगल्या फाँटांत दोन्ही वळणं भरलेली असतात. कोणतं दाखवायचं ते पानाच्या भाषेवरून ठरतं. पानाच्या डोक्यात भाषा मराठी अशी नोंद असेल तर आपला पाकळीचा ल येतो, नसेल तर बहुधा हिंदी वळण येतं. पॅनडॉक वापरत असाल तर फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत भाषेचा संकेत लिहिला की ही नोंद आपोआप पडते. इतर प्रिव्ह्यूंत बहुधा स्वतःचा साचा द्यावा लागतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि एकदाच करायचं आहे. आपल्या मुलांनी पुस्तकात एक ल आणि पडद्यावर दुसरा ल वाचत मोठं व्हावं, हे मला पटत नाही.

आणि प्रिव्ह्यूत न दिसणारंही असतं. कऱ्हाडमधला तो र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. अॅ सुद्धा अ वर चंद्र देऊन होतो, आणि स्वतंत्र एका चिन्हानेही. ब्राउझरमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. आमच्या यादीत एकच शब्द दोनदा शिरला तो असाच. त्यासाठी एडिटरमधला शोध आणि शिस्तच लागते, नजर पुरत नाही.

शेवटचं, फोनचं. आमची यादी वाचणारी माणसं संगणकावर बसणारी नाहीत. ती फोनवर वाचणार, बारीक पडद्यावर, उन्हात. म्हणून प्रिव्ह्यूचा सर्व्हर आपल्या घरच्या वायफायपुरता उघडा ठेवायचा आणि संगणकाचा अंतर्गत पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाकायचा. बाहेरचं इंटरनेट नसलं तरी हे चालतं, राउटर चालू असला की झालं. त्यातला धोकाही सांगायला हवा. पायथॉनचा साधा सर्व्हर काही न सांगता चालू केला, तर त्या वायफायवरच्या कुणालाही फोल्डरमधली प्रत्येक फाइल दिसते. म्हणून प्रिव्ह्यूसाठी वेगळं फोल्डर ठेवावं, आणि काम झालं की सर्व्हर बंद करावा.

गेल्या आठवड्यात आम्ही तसं केलं. मुलीने फोन तिच्या आजीपुढे धरला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचायला लागली. आजीचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत गेलेलं. "वाघूर : मेंढ्यांच्या वाड्याभोवती लावायची जाळी," मुलीने वाचलं. आजीने मान हलवली. "नुसती जाळी काय हुबी ऱ्हातीय व्हय? काठ्या लागत्यात तिला. आन् सांच्याला लावायची, सकाळी काढायची, ती बी ल्ही." मी आतल्या खोलीत संगणकावर बसून ओळ दुरुस्त केली आणि जतन केली. बाहेर ओट्यावर, आजीपुढच्या फोनवर ओळ आपोआप बदलली, आणि मुलगी नवं वाक्य वाचू लागली.